आजी दार लावत नव्हती

माझी धाकटी बहीण पुस्तकं लिहिते. साधीसुधी नाहीत, जादूची. राज्यं, शाप, बोलणारे पक्षी, सगळा कारखाना. मी खाली लॉन्ड्री चालवते, ती वर लिहिते, आणि दोघींत जास्त तापट कोण हे इस्त्रीला विचारा. मी तिला लेखिकाबाई म्हणते. ती चिडते, म्हणून आणखी म्हणते.

लोकांना वाटतं, असलं लिहायचं म्हणजे काय, मनात येईल ते ठोकून द्यायचं. अहो, तसं असतं तर मी सुखी असते! आमच्या बाईंचा नियम असा, की पुस्तकातल्या देशाचा प्रत्येक रिवाज आधी घरात पाळून बघायचा. "ज्या देशात आपण चार दिवस काढले नाहीत, तिथे वाचकाला कुठल्या तोंडाने पाठवू?" म्हणते. तिच्या पहिल्या मालिकेत नदीवर राहणारी माणसं होती. त्यांच्यात दिवस मावळला की कुणाला प्रश्न विचारायचा नाही. झालं! महिनाभर आमच्या घरात संध्याकाळनंतर प्रश्न बंद. आई तेव्हा होती. बिचारी "चहा हवा का" म्हणायला तोंड उघडायची आणि मिटायची. शेवटी वैतागून म्हणाली, "मी चहा केलाय. ज्याला प्यायचा त्याने प्यावा, नाहीतर मोरीत ओतावा." ते वाक्य जसंच्या तसं पुस्तकात गेलं, नावेवरच्या आजीच्या तोंडी.

ती आजी म्हणजे आमची आईच. दुखरे गुडघे, टोमणे, झोपेत पुटपुटणं, सगळं उचललेलं. रोज संध्याकाळी लेखिकाबाई लिहिलेलं वाचून दाखवायची. मी कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावत ऐकायचे आणि आई शेजारी पाय लांब करून बसायची. ऐकून आई काय म्हणायची? "गोष्ट बरी आहे गं, पण ही म्हातारी फार बोलते." आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही, नाहीतर हसू फुटलं असतं.

आई गेली तेव्हा मालिका निम्म्यावर आली होती. पण नावेवरची आजी राहिली. एकामागून एक पुस्तक झालं तरी ती नावेत बसून राजापासून कोळ्यापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी काढत होती, आणि खरं सांगते, मला त्याचा फार आधार होता. दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून वर आलं, की आईचा आवाज कानावर पडायचा.

मग मालिका संपली. एका दुपारी लेखिकाबाई जिना उतरून दुकानात आली, धुवायच्या चादरींच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "ताई, संपलं."

"बरं झालं. आता जरा झोप काढ," मी म्हटलं.

तर ती रडायलाच लागली. हुंदके देऊन. समोर गिऱ्हाईक उभं! मी त्याचे शर्ट त्याच्या हातात कोंबले, त्याला वाटेला लावलं आणि मग मीही चादरींवर बसले. आमची आई दोनदा गेली, आणि दुसऱ्यांदा कुणी भेटायलाही आलं नाही.

त्यानंतर लिहिणं बंद. बाई मला मदत करायला दुकानात यायला लागल्या, म्हणजे माझ्या डोक्याला ताप. दाताच्या डॉक्टरांचा पांढरा कोट तिने खाटकाच्या गाठोड्यात घातला आणि खाटकाचा डॉक्टरांना पाठवला. डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "बाई, हा घालून उभा राहिलो तर पेशंट तोंड उघडेल का?" मी तिला हाताला धरून वर नेऊन बसवलं. तिचा प्रकाशक भला माणूस. फोन करून आधी तब्येत विचारायचा, मग पाऊसपाणी, आणि मग हळूच, "नवीन काही?" ती म्हणायची, "टेबलाशी बसते रोज. समोर भिंत दिसते."

"भिंतच आहे तिथे, भिंतच दिसणार," मी म्हटलं.

"पूर्वी दिसायची नाही गं ताई."

मला भीती वाटायला लागली. तिला लिहिण्यावाचून दुसरं काही येत नाही, दुसऱ्या कशात जीवही रमत नाही. जेवायला बसली तरी घास हातात तसाच. असंच चाललं तर ही पोर आतून विझून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि एक दिवस मी वर आले, तर तिने माझ्यापुढे हात आडवा धरला. "बोलू नकोस. आधी पाणी पी." मी पेला घेतला, घटाघट प्याले. "आता बोल," ती म्हणाली. "बाहेरून आलेल्याने पाणी प्यायच्या आधी बोलायचं नाही. तिथे असंच असतं."

तिथे! हा शब्द ऐकला आणि मला इतका आनंद झाला, की मी आणखी दोन पेले प्याले.

नवा देश डोंगरातला होता. घाटापलीकडच्या गावातले सगळे विस्तव विझलेले, माणसं गारठून चाललेली. अलीकडच्या एका मुलीने मडक्यात निखारे घेऊन घाट ओलांडायचा, अशी गोष्ट. मुलगी निघते असं लेखिकाबाईने पहिल्या संध्याकाळी वाचलं, आणि लगेच मागून मुलीची आजी म्हणाली, "निघालीस? अशा केसांनी?"

माझा हात चिठ्ठीवर थांबला. मी कॉलेजला जाताना, ती पहिल्या नोकरीला जाताना, आई हेच म्हणाली होती. याच सुरात.

तेव्हाच बोलायला हवं होतं, हे कळतं मला. पण कशाला बोलू? आई परत आली होती! मी दुकान लवकर बंद करायला लागले. गिऱ्हाईक दार वाजवायचं आणि मी वर बसून आजीचं बोलणं ऐकायचे. लेखिकाबाईच्या गालांवरही रंग आला होता. दोघींचं झकास चाललं होतं.

फक्त गोष्ट हलत नव्हती. पहिल्या प्रकरणात आजीने मुलीची वेणी सोडून पुन्हा घातली. दुसऱ्यात शाल रफू केली. तिसऱ्यात बुटाला नवा तळ लावला. चौथ्यात मुलीला शिंक आली म्हणून काढा. पाचव्यात तर आजीने मडकंच बदलायला काढलं. तिकडे अख्खं गाव कुडकुडतंय आणि इकडे म्हातारी मडकी वाजवून बघतेय!

लेखिकाबाई वाचता वाचता अडखळायला लागली. टोपलीत चुरगळलेले कागद वाढले. "ती निघतच नाही गं," म्हणाली, आणि पुन्हा तशीच भिंतीकडे बघत बसली. मी गप्प बसले असते तर आई घरात राहिली असती. पण बहीण हातची गेली असती.

"ती कशी निघेल?" मी म्हटलं. "ही आजी आई आहे. नावेतून उतरून डोंगरावर आलीय. ती सोडतेय होय पोरीला!"

ती ताडकन उठली. "तुला काय कळतं त्यातलं? जा, कॉलरी घास जा!" दार आपटून खोलीत गेली ती गेलीच. मग आमचा अबोला. मी चहा ठेवायचे, ती मुकाट्याने न्यायची. मीही काही कमी नाही, मीही तोंड फिरवून बसले. खरं तर दोघींनाही रडू येत होतं आणि दोघींनाही ते दाखवायचं नव्हतं.

एका संध्याकाळी ती दुकानात आली. हातात मडकं, अंगावर शाल.

"ताई, त्या देशात एक रिवाज आहे," ती म्हणाली. "कुणी लांबच्या वाटेला निघालं, की तो वळणावर पोचायच्या आत घरच्यांनी दार लावायचं. दार उघडं राहिलं तर त्याचं मन घरातच राहतं आणि तो वाट चुकतो. आजीने ते दार लावायचंय. ते मला लिहिता येत नाही. तू आजी हो."

"मी? अगं, तू लिही ना, दोन शब्दांचं काम."

"मी मुलगी आहे. निघालेल्या मुलीला आपल्या पाठीमागे घरचं दार कसं लावता येईल?"

नाही म्हणायचं होतं मला. म्हटलं नाही. वर गेलो. ती मडकं छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मी आत.

"येते मी," ती म्हणाली.

"शाल नीट घे," मी म्हटलं. तिने घेतली. दोन पायऱ्या उतरली. "अगं, काही खाल्लंस का?" थांबली. "खाल्लं." आणखी दोन पायऱ्या. "जिन्यात दिवा नाही, जपून हं! आणि ते मडकं दोन्ही हातांनी धर! आणि..." मला कळत होतं, मी काय करतेय. तोंड थांबतच नव्हतं. तो आवाज माझा नव्हता, आईचा होता, आणि मला तो आणखी थोडा वेळ हवा होता.

जिन्याच्या वळणापाशी ती उभी राहिली. वर बघितलं नाही तिने. तिचे खांदे हलत होते.

"ताई," ती म्हणाली, "लाव ना गं दार. तू लावलंस तरच मला जाता येईल."

मी दार लावलं. कडी घातली. मग पावलं ऐकू आली, आधी हळू, मग झपझप, मग रस्त्यावर.

मी दाराला पाठ टेकून खाली बसले. मनसोक्त रडले. मग डोळे पुसले आणि रिकाम्या घराला मोठ्याने म्हटलं, "आई, तूही नीघ आता. केस ठीक आहेत तुझे."