डिस्पॅचचा कॉम्प्युटर आणि सासूबाईंचं क्रॉस कनेक्शन

इथे बरेच जण असे न उलगडणारे अनुभव लिहितात आणि मी ते चहा पिता पिता हसत वाचते, हे आधीच सांगून टाकते. मी पत्रिका न बघता लग्न केलं, ऑकलंडच्या घराच्या चाव्या अमावास्येला घेतल्या, आणि काम करते आयटी सपोर्टचं... म्हणजे 'आपोआप झालं' हे रोज ऐकायचं आणि ते आपोआप झालेलं नाही हे शोधून काढायचं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण सासूबाईंबद्दल चारचौघांत सांगायची संधी मी सोडणार नाही.

गोष्ट २०१४ ची. आम्ही हिल्सबरोला राहायचो आणि मला ईस्ट टामाकीत औषधांच्या एका वेअरहाउसमध्ये नोकरी लागली होती. ट्रायल पिरियडवर. तो संपायच्या आत मॅनेजरने 'नको' म्हटलं की विषय संपला, आणि आमच्या दोघांचाही व्हिसा माझ्या या नोकरीवर होता. ट्रायलचा शेवटचा आठवडा चालू होता, मला धड झोप लागत नव्हती.

सासूबाई नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या निवृत्त ट्रंक ऑपरेटर. लाइन खराब असली की इकडच्याचं बोलणं तिकडच्याला शब्दन् शब्द सांगायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. ती सवय अजून आहे. माझा निरोप नवऱ्याला सांगतात तोसुद्धा माझ्याच सुरात, माझ्या वैतागासकट.

त्याच आठवड्यात एका सकाळी डिस्पॅचचा, म्हणजे माल रवाना करतात तिथला, कॉम्प्युटर नेटवर्कला लॉगऑन होईना. 'लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही' एवढंच म्हणायचा. बाकीचे सगळे व्यवस्थित. पण औषधांची लेबलं फक्त याच्यावरून निघायची आणि दुपारचे ट्रक दारात उभे. मी केबल बदलली, रीस्टार्ट केला, माझा लॅपटॉप त्याच सॉकेटला लावून पाहिला... तोही मेलेला. म्हणजे बिघाड भिंतीतल्या वायरमध्ये. पण ती वायर सर्व्हर रूमपर्यंत पोचतच नव्हती. मध्ये कुठे जाते, कुणालाच माहीत नव्हतं.

मॅनेजर क्रेग दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "मेघना, ट्रक निघायच्या आत झालं नाही तर मला बाहेरच्या लोकांना बोलवावं लागेल." चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी टेबलाखाली होते, स्पीकर लावून मोबाइल खाली ठेवला.

"अगं, डबा विसरलीस ओट्यावर."

"आई, नंतर बोलू का? इथे घोळ झालाय."

"थांब जरा. क्रॉस कनेक्शन लागलंय."

मोबाइलवर कसलं क्रॉस कनेक्शन? मला फक्त त्यांचाच आवाज येत होता. त्यांचा सूर मात्र बदलला. ऑफिसचा झाला.

"येस सर, आय कॅन हिअर यू. प्लीज स्पीक स्लोली... नो हरी, सर." मग बराच वेळ शांतता. मध्ये मध्ये नुसतं "येस, सर."

मग मला म्हणाल्या, "लिहू नको, ऐक. स्मोको रूम. सिंकखालचं कपाट. मागची फळी डावीकडे सरकते. आत लहान डबी आहे, तिचा प्लग सैल होतो, तो दाबून बसव. आणि अगं, स्मोको रूम म्हणजे काय? सिगरेट ओढायची खोली?"

स्मोको रूम म्हणजे आमची चहा-नाश्त्याची खोली. हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. वेअरहाउसमध्ये तर त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं.

मी गेले. फळी डावीकडे सरकली. आत धुळीने माखलेला छोटा नेटवर्क स्विच, प्लग अर्धवट बाहेर. दाबला, हिरवा दिवा लागला. डिस्पॅचचा कॉम्प्युटर लॉगऑन झाला, लेबलं निघायला लागली, ट्रक वेळेवर गेले.

क्रेगने मला केबिनमध्ये बोलावलं. "हाउ डिड यू फाइंड दॅट?"

वायरचा माग काढला, असं म्हणता आलं असतं. त्यातच शहाणपण होतं. डोक्यावर परिणाम झालेली बाई सर्व्हर सांभाळायला कोण ठेवेल? पण एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून कुणी एक काम सांगितलं नव्हतं त्या बाईला, आणि तिने माझी नोकरी वाचवली होती. ते श्रेय माझ्या नावावर घ्यायला जीभ रेटेना. मी सगळं खरं सांगितलं.

क्रेग हसला नाही. म्हणाला, "त्यांना फोन लावशील?"

मी लावला. सासूबाईंनी सगळा निरोप इंग्लिशमध्ये जसाच्या तसा सांगितला, जिथल्या तिथे थांबत, प्रत्येक वाक्यानंतर हळूच "राइटो" म्हणत, म्हणजे इथल्या जुन्या लोकांचं 'बरं का'. क्रेग खुर्चीत मागे टेकला. मग सांगू लागला: या जागेचं वायरिंग त्याच्या वडिलांनी स्वतः केलं होतं. ते आता वेलिंग्टनला वृद्धांच्या होममध्ये असतात. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज पूर्ण गेलाय.

"ते असेच बोलायचे," तो म्हणाला. "राइटो म्हणत. अजून एकदा सांगतील का त्या?"

सासूबाईंनी अजून एकदा सांगितलं. मग मला मराठीत म्हणाल्या, "त्याला म्हणावं, वडील आहेत ना अजून? मग माझ्याकडून काय ऐकतोस, जाऊन भेट की."

मी जसंच्या तसं सांगितलं. क्रेग म्हणाला, "ट्रायलचं विसर. तू राहतेयस."

माझ्या कॉल लिस्टमध्ये त्या वेळेला एकच फोन होता, सासूबाईंचा. मोबाइलवर असं होत नाही, हे मी कुणालाही तांत्रिक भाषेत समजावून देऊ शकते. क्रेगच्या वडिलांनीच वेअरहाउसमध्ये कधीतरी कुणाला सांगितलं असेल म्हणावं, तर क्रेगलासुद्धा ती फळी माहीत नव्हती. मी बरीच वर्षं डोकं खाजवलं, हाती काही लागलं नाही.

क्रेग त्याच शनिवारी वेलिंग्टनला गेला. सोमवारी आला तो थेट माझ्या डेस्कपाशी. वडिलांना त्याने काही सांगायच्या आत त्यांनीच ओठ हलवून त्याला विचारलं होतं, ती फोनवरची बाई कोण? हल्ली कुणी माझं पूर्ण ऐकून घेत नाही, म्हणाले, तिने घेतलं.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. "त्यात काय एवढं, ड्यूटीच असते ती," म्हणाल्या. मग भाजी तशीच ठेवून उठल्या आणि पुण्याला बहिणींना एकेक करून फोन लावत बसल्या. त्या दिवशी स्वयंपाक मी केला.