मिठाच्या भरलेल्या बरण्या

डॉ. कमल पगारे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या बाई, मला पहिल्यांदा भेटल्या सातपूरच्या दवाखान्यात, सत्तरचं दशक संपता संपता. मी प्रयोगशाळेत नवा लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि सवयीने, घासही न खाता, भाजीवर चिमूटभर मीठ टाकलं. समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, "आधी खाऊन तर बघा. कमी पडलं तर मीच वाढते." भाजी आधीच खारट होती. मी ती निमूटपणे संपवली आणि त्या दिवसापासून बाईंच्या हाताखाली दहा वर्षं काम केलं.

लेख प्रसन्न असावा, कटू प्रसंग टाळावेत, अशी या गौरवग्रंथाच्या समितीची सूचना आहे. बाईंच्या षष्ट्यब्दीला मलाही गोडच लिहायचं होतं. पण खोटं लिहिलेलं बाईंना चालत नाही, आणि खरं लिहायचं तर गोड होत नाही, त्याला मी काय करू?

देशभरातली माणसं रोज किती मीठ खातात ते मोजायचं, आणि मग ते कमी कसं करायचं ते ठरवायचं, असं वरून ठरलं होतं. आमच्या जिल्ह्याचं काम बाईंकडे आलं. रक्तदाबाने धडधाकट माणसं आडवी होताना त्या रोज पाहत होत्या, त्यामुळे जीव ओतून कामाला लागल्या. सातपूरच्या कामगारांच्या खोल्या, येवल्याच्या विणकरांची घरं, पेठकडचे पाडे, सगळीकडे आम्ही वजन केलेल्या मिठाच्या बरण्या वाटल्या. महिनाभर याच बरणीतलं मीठ वापरा, मग बरणी परत द्या; उरलेलं तोलू, म्हणजे खाल्लेलं कळेल. किती सोपं!

महिन्याने बरण्या परत आल्या त्या काठोकाठ भरलेल्या. एकूण एक. तराजूच्या हिशेबाने नाशिक जिल्हा मीठ खातच नव्हता. मी डोक्याला हात लावला. शेवटी बाईंनी लहानूभाऊंच्या घरी विचारलं. लहानूभाऊ सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. त्यांच्या पत्नी ताराबाई उलट आमच्यावरच चिडल्या. "रिकामं भांडं परत देत्यात का कुठं? आमाला काय रीतभात नाय?" शेजारणीची वाटी जशी काहीतरी घालून परत करायची, तशी सरकारची बरणी बायांनी दुकानातून मीठ आणून भरून दिली होती. आपल्याच घरात पन्नास वेळा पाहिलेली रीत, पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या की चूक बायांची नाही, आपली आहे. आता दुसऱ्या रीतीने मोजू. खाल्लेलं बहुतेक मीठ लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून पूर्ण दिवसरात्रीची लघवी कॅनमध्ये साठवायची आणि तपासायची. आता कामगाराने कारखान्याच्या फाटकातून तसला कॅन हातात घेऊन जायचं म्हणजे लाज! पोरं टर उडवायची. तेव्हा बाई स्वतःचा कॅन घेऊन फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. बाई माणूस, त्यात डॉक्टर, आणि बिनदिक्कत सांगताहेत की हा माझा. दुसऱ्या दिवसापासून कोणी हसलं नाही. हे मोजमाप मात्र खरं निघालं, आणि ते वाचून हसू येण्यासारखं नव्हतं. आपली माणसं गरजेच्या कितीतरी पट मीठ खात होती.

तोवर आमच्या साहेबांनी भरलेल्या बरण्यांचे आकडे वर पाठवूनही दिले होते. वेळेत आले होते, आणि आपल्याकडे हा प्रश्नच नाही असं सांगणारे होते. साहेबांना आणखी काय हवं? बाई नवं मोजमाप घेऊन गेल्या. गरिबाच्या ताटात चवीला एक मीठच असतं, त्यावरही तुमची नजर का, असं साहेबांनी विचारलं. मी बाईंच्या मागे उभा होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी मीठ-मिरची आणि भाकरीवर वाढले. माझे वडील पंचेचाळिशीत अर्धांगाने गेले. गरिबाच्या मिठाचं कौतुक मला नका सांगू." साहेबांनी कागद ठेवून घेतले. ते पुढे गेलेच नाहीत.

बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. लहानूभाऊंच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी आचाऱ्याला हाताशी धरलं. डाळीत, भाजीत मीठ दर आठवड्याला जरासंच कमी करायचं, आणि टेबलावरची मिठाची वाटी उचलायची. एकाही कामगाराने तक्रार केली नाही. काही महिन्यांत बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला. लहानूभाऊंची डोकेदुखी थांबली. आता लय हलकं वाटतं, असं ते जो भेटेल त्याला सांगत. बाईंना एवढं सुखात मी नंतर कधी पाहिलं नाही.

मग वरून विचारणा आली. नाशिकमध्ये मिठाचा प्रश्न नाही असं तुमचंच मोजमाप सांगतं, मग हे उद्योग कशाला? साहेबांनी प्रयोग बंद करवला. कँटीनच्या टेबलावर वाटी परत आली, डाळ पुन्हा खारट झाली. दुसऱ्या वर्षी लहानूभाऊ मशीनवरच कोसळले आणि शुद्धीवर न येताच गेले. ते मिठामुळेच गेले असं मी लिहिणार नाही. एका माणसावरून असं म्हणता येत नाही, हे मला बाईंनीच शिकवलं आहे. पण रात्री झोप लागली नाही की मी म्हणतो, आणि बाईही म्हणत असतील.

बाईंची बदली झाली. निघण्याआधी त्या ताराबाईंकडे गेल्या, तास दोन तास नुसत्या शेजारी बसून राहिल्या. पुढे ताराबाईंच्या मुलीची नर्सिंगची फी बाईंनी भरली, हे मला त्या मुलीकडून कळलं. बाईंच्या तोंडून कधीच नाही.

या गौरव समितीचे अध्यक्ष आमचे तेच साहेब आहेत. सत्कारात काय आवडेल, असं समितीने विचारलं, तेव्हा बाईंनी एकच मागितलं. वर गेलेलं चुकीचं मोजमाप मागे घ्या आणि खरं पाठवा. समिती म्हणाली, हा प्रसंग त्यासाठी नाही. मग कशासाठी आहे? शाल-श्रीफळ तर बाईंनी मागितलं नव्हतं. आजही देशाच्या हिशेबात नाशिक जिल्ह्याला मिठाचं दुखणं नाही, आणि सातपूरच्या कँटीनमध्ये डाळ खारटच आहे.

बाई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. नुसतं उदंड नको, ते खरं मोजमाप वर पोचलेलं तुमच्या डोळ्यांनी पाहाल एवढं लाभो. तशी फार वाट पाहण्याची गरज नाही. दुरुस्तीला साहेबांचं दोन ओळींचं पत्र पुरे आहे, आणि शाल द्यायला ते व्यासपीठावर असणारच आहेत. शाल राहू द्या साहेब, आधी सही करा.