डीजेसमोरची सनई

तामलवाडीच्या त्या लग्नात डीजेच्या दणदणाटात म्हातारा सनईवाला मांडवाच्या कोपऱ्यात निवांत सनईची पत्ती ओठांत भिजवत बसला होता. मलाच राहवेना. म्हणालो, "बाबा, जोरात फुंका की! कोण ऐकणार तुम्हाला?"

त्यानं खिशातून एका नामांकित सनईवादकाचा चुरगळलेला फोटो काढून कपाळाला लावला. "ह्यांचं रेडिओवर ऐकून शिकलो. ह्यांनी कधी रेटून वाजवलं न्हाय. हळू वाजवलं की मानसं जवळ येत्यात."

आणि तो हळूच वाजवू लागला. आधी शेजारीच बसलेली नवरीची आजी जवळ सरकली, मग बायका, मग नाचणारी पोरं. शेवटी खुद्द नवरीच ओरडली, "बंद करा रं तो डीजे!"

सनई मांडवभर घुमली. वाजवून झाल्यावर त्यानं डीजेवाल्याला हाक मारली, "ये बाळा, म्होरं बस. परत वाजवतो. मघाशी डीजेच्या आवाजात तुला सुरवातीचं ऐकू आलं नसंल."