त्सोन्काचा नकार

आमच्या गाब्रोवो गावात त्सोन्काइतकी बडबडी बाई दुसरी नव्हती. जिन्यात भेटली की माझ्या पिशवीतलं दूध नासेपर्यंत सोडायची नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, तेव्हा अख्खी इमारत सुनी झाली. ऑपरेशनच्या आधी मात्र तिनं नातीसाठी, स्पेनमधल्या इवासाठी, आपल्या आवाजात गोष्टी कॉम्प्युटरवर भरून ठेवल्या होत्या. पोरगी शाळेत गेली की द्यायच्या, तोवर कुणाला पाठवायच्या नाहीत. हट्टी मेली!

मग बक्षीस लागल्याचा कसलासा मेल तिनं उघडला आणि व्हायरस शिरला. खालच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला बोयचो आला. गुणी माणूस, पण लहानपणीच आईबापांबरोबर जर्मनीला गेलेला, आत्ता कुठे परतलेला. भाषा आमची, सवयी तिकडच्या.

व्हायरस त्यानं काढला. "आता नुसती झाडलोट, काकू," तो म्हणाला. "तो जाताना उष्टंखरकटं मागे ठेवतो, ते उडवायचं." वेड्यावाकड्या नावांची फोल्डरं तो एकेक करून पुसत होता. त्सोन्का त्याच्या शेजारी श्वास रोखून बसली होती. मी ओव्हनमधली चीज भरलेली बानित्सा बघत होते.

"हे बघा, सहा टी यू आर चार ई! माणूस असलं नाव ठेवतो का? कचराच. उडवू कायमचं?"

त्सोन्कानं जोरजोरात मान वर-खाली केली.

"बरं," म्हणून त्यानं बटण दाबलं.

त्सोन्कानं टेबलावर अशी मूठ आपटली की बशी खाली पडून फुटली. मी धावले. पडद्यावर काय झालंय ते बघून माझं डोकंच फिरलं.

"काय केलंस हे, मेल्या?"

"काकूच हो म्हणाल्या!"

"आपल्याकडे मान वर-खाली म्हणजे नाही! आजन्म नाही! आणि सहा म्हणजे शेस्त, त्यातला श. चार म्हणजे चेतिरी, त्यातला च. कीबोर्डवर आपली अक्षरं नसली की आम्ही सगळे असंच लिहितो. श्तुर्चे लिहिलंय ते! रातकिडा! इवाला ती रातकिडा म्हणते रे! तिच्यासाठीच्या गोष्टी होत्या त्यात!"

बोयचोनं सरळ वायरच उपटली. "कुणी हात लावू नका. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं तर संपलं." डिस्क काढून त्यानं स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि पुसलेलं शोधायला लावलं.

त्सोन्कानं माझं मनगट धरलं होतं. नखं रुतत होती, पण मी हात सोडवला नाही. एक गोष्ट मिळाली, तर उघडेना. दुसरीत नुसती खरखर. तिसरी, चौथी, तेच. बोयचोच्या कपाळावरून घाम टपकत होता. ओव्हनमध्ये बानित्सा जळत होती, जळू दे मेली.

आणि एकदम खोलीत त्सोन्का बोलली. "रातकिड्या, झोपलीस का गं? थांब, आधी हा खोकला जाऊ दे..." मग तिचं ते खो-खो हसणं. मला रडूच फुटलं.

बाकीच्या सगळ्या गेल्या. ही एवढी एकच राहिली.

"हिची अजून एक प्रत काढून ठेवू, काकू?" बोयचोनं चाचरत विचारलं. त्सोन्कानं मान डावीकडून उजवीकडे हलवली. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

त्सोन्का उठली. आता थोबाडीत देते, असं मला वाटलं. तिनं दोन्ही हातांत त्याचं डोकं धरलं आणि हळूच डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, लहान पोराला शिकवावं तसं.

"हो," बोयचो म्हणाला.