क्लीटसच्या गाडीला गावाचं पाणी

क्लीटस फाइफरला माझ्याइतकं जवळून ओळखणारा माणूस आमच्या ओबर्न गावात दुसरा नाही. एखाद्यावर जळायचं तर त्याच्याकडे सतत बघावं लागतं, आणि मी शाळेपासून त्याच्यावर जळतो आहे. हे मी लपवत नाही. लपवून उपयोगही नाही, माझ्या बायकोला, लिओनाला, ते केव्हापासूनच माहीत आहे.

क्लीटसला आयुष्यात धड एक काम जमलं नाही. सैन्यातून परत आल्यावर तो धान्याच्या कोठारावर लागला. तिथे गव्हाचे ट्रक मोजताना गप्पांच्या नादात आकडे चुकवायचा, म्हणून त्याला काढलं. मग विमा विकायला निघाला. ज्याच्या दारात जाई त्याच्याकडे केक खाऊन, कॉफी पिऊन, त्याची दुखणी ऐकून परत येई, विमा विकायचं विसरून. शेवटी शाळेची बस चालवायला लागला आणि म्हातारा होईपर्यंत तीच चालवत राहिला. बर्फात ती बस कुठे ना कुठे रुतायचीच. रुतली की हा पठ्ठ्या पोरांना आजीची जर्मन गाणी शिकवत बसायचा. ती पोरं आता आजोबा व्हायला आली, तरी दुकानात भेटली की त्याला मिठी मारतात. मी त्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या आहेत. मला ती नुसती मान हलवतात.

लग्नाचं विचारलं तर म्हणतो, "राहून गेलं रे." दूध आणायचं राहून गेलं म्हणावं तसं.

त्याची एकच चैन, ती गाडी. सत्तर सालची, दोन दारांची, नारिंगी मसल कार, बॉनेटखाली घोड्यांची अख्खी पागा कोंबलेली. कंपनीचं नाव मी घेत नाही, नाहीतर दुसऱ्या कंपनीच्या बाजूचं अर्धं गाव भांडायला उठेल. माझीही गाडी त्याच सालची आहे, गडद हिरवी, त्याच्याहून मोठ्या इंजिनची. ती मी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हातांनी सांभाळली. तिच्या तापमानाची सुई मध्यावरून कधी हलली नाही. अशी गाडी या जिल्ह्यात दुसरी दाखवा.

पण बघतं कोण? जुलैत जिल्ह्याची जत्रा भरते, मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघते. पुढे बँड, मागे ट्रॅक्टर, मग आम्ही जुन्या गाड्यावाले, माणसाच्या चालीने. आणि दरवर्षी बँकेच्या कोपऱ्यावर आलं की क्लीटसच्या बॉनेटमधून वाफ सुटते. "उकळला!" पोरं ओरडतात. लोक घरातून जग, बादल्या, चहाच्या किटल्या घेऊन धावतात. कोणी खुर्ची आणतं, कोणी लिंबूसरबत. चर्चच्या बायकांनी आपला बीरॉकचा ठेला मुद्दाम त्या कोपऱ्यावर हलवला, कारण गाडी थंड होईतो पाणी घालता येत नाही आणि तोवर लोक उभे राहून कोबी-खिम्याचे पाव खातात. क्लीटस मडगार्डवर बसून तीच बसची गोष्ट सांगतो, आणि लोक पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात. मी मागे, उन्हात, न तापणाऱ्या गाडीत बसलेला. माझ्याकडे बघायला चिटपाखरू नाही.

आणि त्या गर्दीत सगळ्यात पुढे लिओना. हातात आमच्या लग्नातला पांढरा इनॅमलचा जग. क्लीटस तिच्याशी काहीतरी बोलतो आणि ती हसते. डोकं मागे टाकून, छातीवर हात ठेवून हसते. हे हसणं मी लग्नाआधी ऐकलं होतं, त्या हसण्यावरच तर भाळलो होतो. आमच्या घरात ते कधी बंद पडलं, मला सांगता येणार नाही. पण वर्षातून एकदा ते बँकेच्या कोपऱ्यावर ऐकू येतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

एक सांगून टाकतो. दोघांत तसलं काही नाही. तसलं असतं तर मी काय करायचं ते केलं असतं. इथे करणार काय? माणूस नुसता बोलतो आणि ती हसते.

यंदा वसंतात मी कॅफेत सगळ्यांसमोर म्हणालो, "क्लीटस, गाडी घेऊन ये. बघतो तिला काय झालंय ते."

सगळ्यांचे कप हातातच राहिले. क्लीटसला तर खरंच वाटेना. "तू? माझी गाडी? अरे, मी इतकी वर्षं तुला विचारायला घाबरतोय! म्हटलं, हा बॉनेट उघडणार आणि मला झापणार."

"झापणार तर आहेच. घेऊन ये."

घरी लिओना म्हणाली, "किती चांगला आहेस रे." माझा हात दाबला तिने. मी तो हात तसाच राहू दिला. माझ्या मनात काय होतं ते तिला कशाला सांगू? गाडी उकळली नाही की क्लीटस थांबणार नाही. तो थांबला नाही की जग घेऊन धावायला नको, आणि धावली नाही की हसायलाही नको. इतकं सरळ होतं. लोक दुसऱ्याचं वाईट करायला त्याची गाडी बिघडवतात. मी दुरुस्त करणार होतो.

बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "पंख्याभोवतीचा घेर कुठे गेला?"

"कुठला, तो काळा डबा? तो मी घेतल्या घेतल्या काढला. इंजिनाला एवढा सुरेख रंग दिला होता, त्याने झाकला जायचा."

"टाकला कुठे?"

"टाकला नाही काही. आईने कोंबड्यांना दाणे घालायला नेला."

"अरे शहाण्या, हमरस्त्यावर वारा आपसूक येतो. मिरवणुकीत चालीने जाताना रेडिएटरमधून हवा ओढायची ती एकट्या पंख्याने. घेर नसेल तर तो आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो!"

"असं होय," क्लीटस म्हणाला. "कोंबड्यांना मात्र फार सोयीचं होतं ते."

रेडिएटरलाही नारिंगी रंग, दोन-दोन हात, जाळी बुजेपर्यंत. तो मी खरवडून काढला. पण खरी गंमत आत होती. वरची टाकी सोल्डर वितळवून वेगळी केली तर नळ्या पांढऱ्या पडलेल्या. चुना. आमच्या ओबर्नच्या विहिरींचं पाणी इतकं जड की घराघरांतल्या किटल्यांत थर बसतो. तेच पाणी गाव दरवर्षी प्रेमाने त्या गाडीत ओतत होतं. पाण्याने नळ्या बुजायच्या, नळ्या बुजल्या की पुढच्या वर्षी गाडी आणखी लवकर उकळायची, मग लोक आणखी पाणी घेऊन धावायचे. साऱ्या गावाने मिळून ती गाडी लाडाने आजारी पाडली होती.

मी एकेका नळीत सळई घालून तो चुना पाडला. टेबलावर ढीग झाला. त्यात कुठेतरी आमच्या पांढऱ्या जगातलं पाणीही होतं. माझ्या घरातलं, माझ्या नळाचं. कुठलं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी सगळ्याच नळ्यांत सळई जोर लावून घातली.

भंगारवाल्याकडून मी त्याच मापाचा घेर शोधून आणला. डिस्टिल्ड पाणी, नवं कूलंट, नवा पट्टा. मग भर दुपारी गॅरेजच्या दारात, उन्हात, गाडी जागच्या जागी चालू ठेवली आणि स्टूल टाकून सुईकडे बघत बसलो. सुई मध्यावर गेली आणि थांबली. दुपार सरली तरी ती तिथेच. स्वतःच्या कामावर मी इतका खूश क्वचितच झालो असेन. क्लीटस माझ्या गळ्यात पडला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला तेही डाचलं. रडूसुद्धा माणसाला किती सहज यावं!

जत्रेचा दिवस आला. ऊन असं की रस्त्याचं डांबर बुटाला चिकटत होतं. बँकेच्या कोपऱ्यावर गाव दाटीवाटीने उभं, हातांत जग, बादल्या, किटल्या. क्लीटस आला, हात हलवला, आणि पुढे निघून गेला. वाफ नाही, काही नाही.

"अरे, उकळला नाही?" कोणीतरी म्हणालं. बस्स, एवढंच. लोक जगांकडे बघत उभे राहिले. मग मी आलो. गर्दीत लिओनाचा चेहरा शोधला. ती क्लीटसच्या पाठमोऱ्या गाडीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. आमची नजर भिडली तशी तिने जग वाकडा केला आणि सगळं पाणी बँकेसमोरच्या पेटुनियांच्या कुंडीत ओतून टाकलं.

त्या दिवसापासून गाव माझ्यावर रुसलं. चर्चच्या बीरॉकवाल्या अल्विनाने मला भर दुकानात धरलं. "तुला कोणी सांगितला होता हा उपद्व्याप? टोपलीभर पाव तसेच परत आले आमचे!"

"बिघडलेली गाडी दुरुस्त केली, हा गुन्हा झाला का?"

"ती बिघडलेली कुठे होती?" अल्विना म्हणाली. "छान थांबायची की!"

माझ्या बाजूने बोलत होता एकटा क्लीटस. कॅफेत, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, जो भेटेल त्याला तो माझं कौतुक ऐकवायचा. त्याहून वाईट म्हणजे त्याला आता गाडीची भीती राहिली नाही. इतकी वर्षं तो त्या गाडीतून जिल्ह्याची हद्द ओलांडून गेला नव्हता. आता दर रविवारी प्रार्थना झाली की कोणाला तरी शेजारी बसवून निघतो. आधी म्हाताऱ्या विधवांना तळ्यावर नेऊन आणलं. मग त्याच्या बसमधली जुनी पोरं. सगळी उन्हाने लाल होऊन, केस विस्कटून, हसत परत येतात. ज्याच्याभोवती गाव वर्षातून एकदा जमायचं, तो आता दर रविवारी गावाला घेऊन फिरतो. ही माझी करामत.

मग लिओनाची पाळी आली. क्लीटसने मला अगदी रीतसर विचारलं, टोपी हातात घेऊन. "पश्चिमेला डोंगर दिसेपर्यंत जाऊन येतो म्हणतो. तूही चल ना, व्हर्जिल. मागे जागा आहे."

मी नीट केलेल्या गाडीत, मी, मागे! "मला काम आहे," मी म्हणालो.

रविवारी प्रार्थनेहून आल्या आल्या लिओना सँडविच बांधत होती. मला राहवलं नाही. "डोंगरच बघायचे होते तर मला म्हणायचंस. माझ्याकडे गाडी नाही का? कधी बंद पडलेली नाही."

"तुझ्या गाडीत बसले आहे की मी इतकी वर्षं," ती म्हणाली. चिडून नाही, सँडविचला कागद गुंडाळत म्हणाली. "तू सगळा वेळ सुईकडे बघत असतोस."

बाहेर हॉर्न वाजला.

क्लीटसने बॉनेट उघडूनच ठेवलं होतं. "लांबचा पल्ला आहे, एकदा नजर टाक ना. तू बघितलंस की मला धीर येतो." लिओना पुढच्या सीटवर जाऊन बसली, डोक्याला निळा रुमाल बांधून. तो रुमाल मी पहिल्यांदाच बघत होतो.

इंजिन थंड होतं. मी रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी बघितलं, काठोकाठ होतं. झाकण परत ठेवलं. या झाकणाला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेवर ते बसल्यासारखं दिसतं, पण आत दाब धरत नाही. अशी गाडी ऑगस्टच्या उन्हात जिल्ह्याची हद्द गाठायच्या आत उकळणार. मला दोघांना ओढून आणायला जावं लागणार. कोणाला काही कळणार नाही, क्लीटसला तर जन्मात नाही. माझा तळवा झाकणावर होता आणि झाकण पहिल्या खाचेवर. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काम कधी झालेलं नाही, आणि हात हलत नव्हता.

"व्हर्जिल," लिओनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नीट घट्ट बसव हं. आम्हाला लांब जायचंय."

मी झाकण दुसऱ्या खाचेपर्यंत दाबून फिरवलं. बॉनेट लावलं, हात पुसले आणि बाजूला झालो. गाडी फाटकातून बाहेर पडली, क्लीटस तिला काहीतरी म्हणाला, आणि त्या एवढ्या मोठ्या इंजिनाच्या आवाजातूनही तिचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं.