महांतप्पाची घूं

मुरूमच्या जिनिंगमध्ये मी मुनशी होतो तेव्हा माझा आवाज फार चांगला होता. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसऱ्या कुणाला तो कधी नीट ऐकूच आला नाही. त्याला आधी मालकांचं यंत्र जबाबदार आणि मग महांतप्पा.

साल लढाईचं, चव्वेचाळीस. कापसाच्या गाड्या फाटकापासून पार वेशीपर्यंत लागायच्या आणि गाडीवाले लिंबाखाली ताणून द्यायचे. ज्याची पाळी येईल त्याला जिनिंगचा गडी सिदू हलगी वाजवत जाऊन उठवायचा. आमचे मालक शिवलिंगप्पा यांना हे गावंढळ वाटलं. त्यांनी हैदराबादहून लाउडस्पीकर मागवला आणि सिदूला सरकीच्या वखारीत धाडलं. आवाज मोठा करणारं मशीन इंजिनघरात, माइक फाटकाजवळच्या माझ्या खोलीत, आणि दोन कर्णे लिंबावर. मी म्हणायचं, "आलूरचे ज्ञानोबा, गाडी आत घ्या." बाहेर ऐकू यायचं नुसतं "घूंऽऽऽ", आणि त्यात कुठंतरी बुडालेला ज्ञानोबा.

मालकांनी हैदराबादच्या दुकानाला तक्रारीचं पत्र टाकलं आणि उत्तराची वाट न बघता महांतप्पाला बोलावलं. महांतप्पा बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. सुराची भानगड सुरवाल्यानं निस्तरावी, असा मालकांचा सरळ विचार. लढाईमुळं पेटीत बसवायच्या जर्मन सुरांच्या पट्ट्या यायच्या बंद झाल्या होत्या, दुकानाला कुलूप लागलं होतं, आणि महांतप्पा नि त्याची बायको इरम्मा थोरल्या भावाच्या पडवीत दिवस काढत होते. मालक म्हणाले, "घूं गेली तर कायमची नोकरी आणि कंपाउंडातल्या दोन खोल्या. न्हाय गेली तर आपली वाट धर."

पहिला दिवसभर हा गृहस्थ लिंबाखाली डोळे मिटून पडून होता. मला वाटलं, आणखी एक गाडीवाला वाढला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "मुनशी, इंजिन दमलं की घूं उतरतीया. पेटीच्या काळी चारवरनं पांढरी पाचवर येतीया. म्हंजे ही इंजिनाची लेक हाय, मशीनची न्हाय."

मग त्यानं मशीनमधून माइकची तार उपटली. घूं गप्प झाली. तार जोडली, घूं हजर. तेव्हा दोष त्या तारेत होता. इंजिनाच्या विजेवर जळणाऱ्या माझ्या खोलीच्या दिव्याची तार आणि माइकची तार एकाच रांगेतल्या खांबांवरून गळ्यात गळा घालून येत होत्या. त्यानं माइकची तार सोडवली, तिला पीळ घालून अंगणाच्या दुसऱ्या बाजूनं नेली. लिंबावरचे सांधे वाऱ्यासरशी खरखरायचे, ते उकलून घासले आणि कथलाचा डाग देऊन पक्के केले. यात तीन आठवडे गेले. पेटीतला सूर लावावा तसा प्रत्येक सांधा तो कानाशी धरून बघायचा, आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा.

पण घूं गेली. मी ऐटीत बसलो, घसा साफ केला आणि हाक दिली. माझा आवाज मुरूमवर असा स्वच्छ पसरला की माझेच डोळे भरून आले. एकही गाडीवाला उठला नाही.

त्यांना घूंची सवय लागली होती. घूं आली की उठायचं, मग नाव कुणाचं ते बघायचं. नुसतं नाव झाडावरून आलं ते त्यांना स्वप्नात आल्यासारखं वाटलं. एकटा रामकिसन उठला, तोही मेलेल्या बापानं हाक मारली म्हणून रडत घरी निघून गेला. गाडी तिथंच.

मालक महांतप्पाला म्हणाले, "घूं परत आण."

"तार बिघडवायचं काम म्या करणार न्हाय."

"मग खोल्या विसर."

इरम्मानं त्या खोल्या सकाळीच सारवल्या होत्या.  महांतप्पा माझ्या शेजारी बसला, माइक ओढला, डोळे मिटले आणि नाकातून बरोब्बर काळी चारमध्ये घूं सोडली. लिंबाखालचे सगळे उठून बसले.

दोन महिने हेच चाललं. त्यानं घूं करायची, तो श्वास घेईल तेवढ्यात मी नाव घालायचं. इरम्मा सुंठ-गूळ पाठवायची, तोही फक्त त्याच्यासाठी. मालक म्हणाले, हंगाम असाच निघाला तर नोकरी कायम.

आणि मग हैदराबादचे इंजिनिअर साहेब आले. पहिल्या पत्रावरून, आत्ता. बिघाड नाही म्हणायची मालकांना लाज वाटली. त्यांनी आम्हाला बजावलं, "तोंड उघडलं तर नोकरी बी गेली, खोल्या बी गेल्या."

साहेबांनी दोन दिवस मशीन खोललं, मिटलं, खांब न् खांब बघितला. माणसाला हाक मारायची असली तरच येणारा बिघाड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचं जेवण सुटलं. तिसऱ्या दिवशी ते पक्कड घेऊन लिंबावर चढले. सांधे तोडून बघणार होते.

महांतप्पानं हे खिडकीतून पाहिलं. घूं मध्येच थांबली. तो उठला, अनवाणी लिंबाखाली गेला आणि वर बघून म्हणाला, "साहेब, त्याला हात लावू नका. घूं माझी हाय."

साहेब उतरले. त्यांनी त्याला घूं करून दाखवायला लावली, दोनदा. मग तिथंच बसून उर्दूत अहवाल लिहिला आणि टांगा बोलावला. तोवर तासभर फाटकातून एक गाडी आत आली नव्हती. मालक संतापानं लाल झाले होते, पण सरकी काढायचं यंत्र रिकामं फिरत होतं. म्हणाले, "घे बाबा खोल्या. बस जागेवर."

"आधी साहेबांनी काय लिवलंय ते वाचा," महांतप्पा म्हणाला.

मालकांना उर्दू येत नव्हती. कागद माझ्याकडं आला. मी माइकसमोर बसलो आणि मराठी करत वाचलं, "तारेचं काम बेऐब आहे, एकही दोष नाही. असं काम मी हैदराबादेतही पाहिलेलं नाही."

आवाज स्वच्छ गेला. गाडीवाले घोरतच राहिले. लिंबाखाली महांतप्पा एकटा उभा होता, कर्ण्याकडं तोंड करून. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी ते पुन्हा एकदा वाचलं.