चाळीस सेकंद बाकी होते

त्या वर्षी आमची तोफखान्याची रेजिमेंट नाशिक रोडच्या पुढच्या कॅम्पात होती. महिनाभरात सरहद्दीवर जायचं ठरलेलं. सामान बांधून झालं होतं, फक्त बॅटऱ्यांमधली, म्हणजे रेजिमेंटच्या तुकड्यांमधली, बॉक्सिंग चॅम्पियनशिप उरकायची राहिली होती. मी नायब सुभेदार, मूळचा निफाडचा, रेफरीचा कोर्स केलेला.

फायनल संध्याकाळी पाचला. रेफरी बाहेरच्या युनिटचा हवा, असा नियम. चार वाजता निरोप आला, की ठरलेले रेफरी तापानं आडवे झालेत. मेजर साहेबांनी मला बोलावलं. मी म्हणालो, की एक बॉक्सर माझ्याच बॅटरीचा आहे. ते म्हणाले, "माहीत आहे. दुसरा कोणी आहे का?" नव्हता. तिथेच मी अडून बसायला हवं होतं. पण वरच्यानं विचारलं की एकच उत्तर द्यायची फौजेत जिभेला सवय लागते. मी "यस सर" म्हणालो.

लाल कोपऱ्यात आमचा नायक दिलबाग. निळ्या कोपऱ्यात दुसऱ्या बॅटरीचा गनर यशवंत भोये, सुरगाण्याकडच्या डोंगरातला, चोवीस वर्षांचा. अंगानं किरकोळ, पण पाय असे हलायचे की समोरच्याला तो सापडायचाच नाही. जिंकणाऱ्याला वरच्या टीममध्ये घेणार होते. भोयेनं तसं घरी कळवूनही टाकलं होतं.

पहिले दोन राउंड सरळ भोयेचे. आमची बॅटरी हरतेय हे मला कळत होतं, आणि माझ्या तोंडावर ते दिसत असेल का याची धास्ती वाटत होती. तिसऱ्या, शेवटच्या राउंडला चाळीस सेकंद बाकी असताना दिलबागचा उजवा हुक कानशिलावर बसला. भोये दोरांवर गेला, पडला नाही. मी आठपर्यंत मोजलं.

"ठीक हो?"

"ठीक हूँ, साब."

आवाज खणखणीत होता. पण बॉक्सर ठीक असला की हात वर धरतो. भोयेनं दोन्ही ग्लोव्हज मांड्यांना लावले होते, टाचा जुळवल्या होत्या आणि तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. रिंगमध्ये तो परेडवर असल्यासारखा सावधान उभा होता. उत्तर भोये देत नव्हता, त्याची सवय देत होती. मी दोन्ही हात हलवून फाइट थांबवली आणि दिलबागला विजयी ठरवलं.

मग जो गदारोळ झाला, तो विचारू नका. कोणीतरी ओरडलं, "कुंपणानंच शेत खाल्लं." डॉक्टरांनी तपासलं, पाचच मिनिटांत भोये स्वतःचं नाव, नंबर, सगळं नीट सांगत होता. निर्णय बदलला नाही. कप आमच्या बॅटरीत आला आणि मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. मेसमध्ये मी शिरलो की बोलणं थांबायचं. खरं सांगतो, समोर दिलबाग असता तर मी थांबवली असती का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

सरहद्दीवर गेल्यावर भोयेची माझ्याच हाताखाली बदली झाली. तोफेचे गोळे कुठे पडतात ते पाहणारी आमची चौकी पुढच्या टेकडीवर होती. दोन महिने तो कामापुरतं बोलला. मग एकदा चहाचा मग हातात देताना म्हणाला, "साहेब, मी ठीक व्हतो. तुम्ही इचारलं, मी सांगितलं. मग मानलं का नाय?"

मी म्हणालो, "चुकलो असेन. पुढच्या वेळी तू सांगशील ते मानीन."

तो हसला. मला फार हलकं वाटलं.

नंतर एका सकाळी सहा चाळीसला त्या चौकीवर शत्रूचे गोळे पडले. वर भोये आणि आणखी दोघं. मी खाली रेडिओवर. माझ्याकडे स्ट्रेचर पार्टी एकच होती, आणि एका फेरीत दोघांनाच आणता येत होतं.

"स्थिती सांग. ओव्हर."

"दोघं जखमी, साहेब. लय रक्त जातंय. ओव्हर."

"तू?"



"ठीक हूँ, साब. ओव्हर."

इतका वेळ मराठीत बोलणारा एकदम हिंदीवर आला. आवाज तसाच खणखणीत. समोर असता तर मी त्याच्या टाचा पाहिल्या असत्या. पण मी शब्द दिला होता. पार्टीला सांगितलं, दोघांना उचला, भोये चालत येईल.

सात वीसला पार्टी पोहोचली. दोघांच्या जखमा भोयेनं बांधून ठेवल्या होत्या. तो वाळूच्या पोत्यांना टेकून बसला होता, हँडसेट हातातच. लोखंडाचा तुकडा बरगडीखाली घुसलेला. पार्टीनं हुकमाप्रमाणे आधी त्या दोघांना खाली आणलं. दोघं वाचले. पार्टी दुसऱ्यांदा वर गेली तोवर भोये गेला होता.

आता मी नाशिक रोडला राहतो. रेजिमेंटची जुनी माणसं भेटली की अजून चेष्टेनं विचारतात, साहेब, ती फाइट का थांबवली? मी हसून सोडून देतो. दरवर्षी एकदा सुरगाण्याला जातो. भोयेचे वडील नागलीची भाकरी वाढतात आणि एकच विचारतात, पोरगा शेवटी काय बोलला? मी सांगतो, ठीक हूँ म्हणाला. ते मान हलवतात. त्यांना ते खरं वाटतं.